बोटाला लागलेली अक्षरं

माझ्या उजव्या हाताच्या नखांत नेहमी थोडं काळं असतं. मागच्या वर्षी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात, शेजारी बसणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, "तू चित्रं काढतेस का गं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. खोटं बोलायचं तसं कारण नव्हतं. पण खरं सांगायला गेले असते तर बरंच काही सांगावं लागलं असतं. ते आज सांगते.

ते काळं टोनरचं आहे. टोनर म्हणजे लेझर प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये असते ती पावडर. ती संपली की पुष्कळ लोक नवं कार्ट्रिज घेत नाहीत. रिकामं भरून घेतात. नव्याला जे पैसे पडतात त्याच्या दहाव्या हिश्श्यातही काम होऊन जातं. लालबागला, आमच्या चाळीच्या जिन्याखालच्या गाळ्यात, माझे बाबा हा धंदा करतात आणि कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली असते. दादरचे झेरॉक्सवाले, परळच्या हॉस्पिटलांबाहेरची दुकानं, गिरगावातले वकील ही आमची गिऱ्हाइकं. तुमच्यापैकी कुणाकुणाचे प्रोजेक्टही आमच्याच पावडरीनं छापलेले असतील.

आमच्या गाळ्यात मे महिन्यातही पंखा लावत नाहीत. पावडरीचा एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. जराशा वाऱ्यानं ती सगळीकडे होते. तोंडाला फडकं बांधायचं आणि काम झाल्यावर हात गार पाण्यानंच धुवायचे. गरम पाण्यानं ती चिकटून बसते. कारण तिला आपण शाई म्हणत असलो तरी ते असतं प्लॅस्टिक, काजळीनं काळं केलेलं.

प्रिंटर चालतो कसा, हे मला बाबांनी एका रिकाम्या कार्ट्रिजवर दाखवलं. आत एक हिरवट-निळा ड्रम असतो. त्याच्यावर आधी विजेचा भार चढतो. मग जिथे अक्षर उमटवायचं तिथला भार लेझरचा किरण उतरवतो. तेवढ्याच जागी पावडर चिकटते, तिथून कागदावर जाते आणि कागद पुढे तापलेल्या रोलरमधून निघतो. तिथे १८० ते २०० अंशांच्या आसपास उष्णता असते. पावडर वितळते आणि कागदात रुतून बसते. तेव्हा कुठे अक्षराचं अक्षर होतं. तोवर ती कागदावर ठेवलेली नुसती धूळ असते. ही शेवटची गोष्ट ध्यानात असू द्या. माझी सगळी हकिकत तिच्यावरच उभी आहे.

कार्ट्रिज भरणं म्हणजे भोक पाडून पावडर ओतणं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं करणारेही असतात. बाबा तसं करत नाहीत. दोन बाजूंच्या पिना काढायच्या, कार्ट्रिजचे दोन भाग वेगळे करायचे. ड्रम काढून काळ्या फडक्याखाली ठेवायचा, कारण त्याला उजेड सोसत नाही. ड्रम पुसणारी ब्लेड तपासायची. वापरून उरलेली पावडर ज्या कप्प्यात साचते तो कप्पा रिकामा करायचा. ती पावडर पुन्हा भरायची नाही, तिच्यात कागदाचा कचरा असतो. मग नवी पावडर, साधारण शंभर ग्रॅम, भरायची आणि बूच लावायचं.

छापलेल्या पानावर डाग येतो अशी तक्रार आली की बाबा आधी फूटपट्टी मागतात. आमच्याकडे जी कार्ट्रिजं जास्त येतात त्यांच्या ड्रमचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर. डाग तेवढ्या अंतरानं पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष ड्रमचा. त्याच्या निम्म्या अंतरानं येत असेल तर भार चढवणाऱ्या रोलरचा. उभी काळी रेघ असेल तर ब्लेड गेलेली किंवा ड्रमवर ओरखडा. बाबा दहावी नापास आहेत. पण वर्तुळाचा घेर म्हणजे काय, हे मला शाळेच्या फळ्यावर कळलं नव्हतं, ते या डागांनी कळलं.

आणि सगळ्यांत शेवटी चाचणीचं एक पान काढायचं आणि अंगठ्यानं जोरात घासायचं. अंगठा कोरा राहिला तरच कार्ट्रिज पिशवीत.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. आजोबा मात्र पुन्हा कामावर गेले नाहीत. घर चाललं ते आजीच्या खानावळीवर. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गिरणीकामगार पाळीपाळीनं जेवायचे. आजीला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तिचा हिशेब भिंतीवर असायचा. प्रत्येकाची एक जागा, आणि जेवणागणिक कोळशाची एक रेघ. पैसे आले की रेघा ओल्या फडक्यानं पुसायच्या. संपाच्या वर्षी रेघा वाढतच गेल्या. काही माणसं गावी गेली ती परत आली नाहीत. आजीनं त्यांच्या रेघा पुसल्या नाहीत. पुढे भिंतीला चुना लागला तेव्हाच त्या गेल्या.

बाबा सोळाव्या वर्षी फोर्टातल्या एका दुकानात लागले. टाइपरायटरच्या रिबिनी बदलायच्या. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले, त्यांच्या रिबिनींना पुन्हा शाई द्यायची. मग लेझर आले. यंत्रं बदलत गेली, पण संपलेलं पुन्हा भरायचं हे काम बाबांच्या हातून सुटलं नाही.

या कामाची मला लाज वाटायची, हे इथे कबूल करायला हवं. ती पहिल्यांदा कमी झाली ती वर्गात. मुंबईतल्या मराठी मुद्रणाचा विषय निघाला होता आणि सर गणपत कृष्णाजींबद्दल सांगत होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करून हा माणूस शिकला आणि १८३१ साली त्यानं शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. आयता माल मिळण्याची वाट न बघता त्यानं शाईसुद्धा आपली आपण तयार केली. छापील कागदाला शिवायला त्या वेळचे सोवळे लोक बिचकायचे, शाईत चरबी असते म्हणून. तेव्हा धर्मग्रंथांसाठी त्यानं चरबीच्या जागी तूप वापरलं, असं सांगतात. वर्ग हसला. मी हसले नाही. मला वाटलं, हा तर आमच्यातलाच! यंत्र कुणाचंही असो, त्यात काय घालायचं ते आपण शोधायचं. आणि लोकांनी पोथी हातात घेतली असेल ती शाईत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं म्हणूनच ना?

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला, त्यावर उजेड पाडला आणि एका वनस्पतीची बारीक पूड भुरभुरवली. कागदावर तारीख आणि गावाचं नाव उमटलं. पुढे या कलेला जे नाव मिळालं त्याचा अर्थच 'कोरडं लेखन'; आपला 'झेरॉक्स' त्यातूनच आला. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याला लेझरची जोड दिली आणि १९७७ मध्ये कंपनीनं खोलीएवढा प्रिंटर बाजारात आणला. टेबलावर मावणारा लेझरजेट १९८४ साली आला. त्यात पावडर, ड्रम, ब्लेड असं सगळं एकाच डब्यात होतं. पावडर संपली की डबाच बदलायचा. गिऱ्हाइकाची मोठी सोय झाली. पण पावडर संपते तेव्हा ड्रममध्ये बऱ्याचदा जीव शिल्लक असतो. जगभरच्या रिफिलवाल्यांचं पोट त्या शिल्लक जिवावर चालतं.

"म्हणजे तुमचा माल डुप्लिकेट," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अमेरिकेत लेक्समार्क या कंपनीनं काही कार्ट्रिजं स्वस्तात विकताना अट घातली होती की ती एकदाच वापरायची आणि कंपनीलाच परत करायची. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या एका लहान कंपनीनं तशी भरलेली कार्ट्रिजं विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० मे २०१७ ला निकाल लागला : वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा दाखला न्यायमूर्तींनी दिला होता. मी तो बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "बरं झालं. पण गाडी दुरुस्त केलीय हे त्यानं सांगायला पायजे."

तेव्हा मला ते बोलणं उगीचच वाटलं. रिकामी खोकी बाबा रद्दीत टाकण्याआधी फाडतात, त्यामागेही हेच असतं. एकदा एक माणूस कंपनीच्या धड खोक्यांना चांगला भाव देत होता. त्यात भरलेलं कार्ट्रिज घालून नवं म्हणून खपवायचं, हे उघड होतं. बाबांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्यासमोरच खोकं फाडलं. कंपन्या रिफिलवाल्यांबद्दल जे बोलतात ते सगळंच खोटं नसतं, हे बाबांना माहीत आहे. वाईट भरलेलं कार्ट्रिज गळतं, प्रिंटरच्या पोटात पावडर सांडतं, पानं करडी करतं. हे सगळं मीही पाहिलेलं आहे. आणि एकदा तर केलेलंही आहे.

आता ते सांगते.

आजीची मुलाखत घ्यायला गिरगावातून एक ताई यायची. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांवर ती पीएच. डी. करत होती. 'थीसिस' हा शब्द आमच्या घरात तिनंच पहिल्यांदा आणला. आजी तिच्याशी तासन्‌तास बोलायची. कोळशाच्या रेघांचंही सांगितलं होतं. त्या ओळखीतून ताई आपल्या घरच्या प्रिंटरचं कार्ट्रिज आमच्याकडे भरायला देऊ लागली.

त्या शनिवारी बाबा गावी गेले होते. ताई सकाळी कार्ट्रिज घेऊन आली. सोमवारी अकराला तिच्या मार्गदर्शक बाईंना सगळी प्रकरणं छापून द्यायची होती. मी कार्ट्रिज उघडलं, साफ केलं आणि पावडरीचा डबा बघितला तर रिकामा. लॅमिंग्टन रोडला जाऊन आणायला हवी होती. पण दुपारी आपल्या वाङ्मय मंडळाचं काव्यवाचन होतं आणि मला ते चुकवायचं नव्हतं. फळीवर दुसरी एक बाटली होती. एक विक्रेता नमुना म्हणून ठेवून गेला होता. 'सगळ्या प्रिंटरांना चालते' असं म्हणाला होता. बाबांनी ती वापरली नव्हती.

मी ती भरली. चाचणीचं पान काढलं. काळंभोर, स्वच्छ! घासून बघितलं नाही. ताईनं पैसे देताना सहज विचारलं, "नेहमीचीच पावडर ना गं?"

"हो ताई."

दोनच शब्द. त्या दुपारी मी पहिल्या रांगेत बसून कविता ऐकल्या आणि टाळ्याही वाजवल्या.

रविवारी संध्याकाळी ताई घरी आली. दोनशे चाळीस पानं छापून झाली होती. आजीवरचं प्रकरण आजीला आधी दाखवावं, म्हणून तेवढी पानं ती घेऊन आली होती. माझी आजी पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. ती शब्दाखाली बोट ठेवून वाचते, आणि नुसतं ठेवत नाही, दाबते. एकेक शब्द पक्का धरल्यासारखा. तिनं चष्मा लावला, पान मांडीवर घेतलं. दोन ओळी झाल्या असतील. मग ती थांबली. बोट उजेडात धरून बघितलं.

"गो बाय, ही अक्षरां बोटाक लागतत!"

आम्ही वाकून बघितलं. आजीचं बोट जिथून गेलं होतं तिथे करडा पट्टा होता आणि शब्द नव्हते. ताईनं दुसऱ्या पानावर अंगठा फिरवला. तिथलेही गेले. तिचा चेहरा उतरला. "छापताना हात काळे होत होते," ती म्हणाली, "मला वाटलं, नवीन भरलंय म्हणून असेल."

आजी त्या पट्ट्याकडे बघत होती. "माजा बोलणा पुसान गेला," एवढंच म्हणाली. ती हसत होती की काय, मला कळलं नाही.

काय झालं होतं ते मला लगेच समजलं. ती पावडर जास्त उष्णतेच्या मशीनसाठी असणार. ताईच्या लहान प्रिंटरच्या रोलरला ती वितळवता आली नव्हती. दोनशे चाळीस पानांवर नुसती धूळ बसली होती. हे ओळखायला एक अंगठा पुरला असता.

मी बाहेर जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. ते रात्रीच्या गाडीसाठी स्टेशनवर होते. मी सांगायला सुरुवात केली. कागद दमट असेल, प्रिंटर जुना असेल... बाबांनी मध्येच विचारलं, "पान घासलं होतंस?"

"नाही."

"पावडर कुठली?"

मी सांगितलं. पलीकडे गाडीची सूचना चालली होती. मग बाबा म्हणाले, "आधी आत जा आणि तिला हे सांग. बाकीचं सकाळी बघू."

त्या जिन्यापासून आमच्या दारापर्यंत सहा पावलं आहेत. तेवढी पावलं मला कधी जड गेली नव्हती. प्रिंटरचा दोष सांगितला असता तरी ताईला खरं वाटलं असतं. भरलेल्या कार्ट्रिजचं असंच असतं म्हटलं असतं तर तेही लोक मानतातच. आणि तिथेच मला बाबांचं ते गाडीचं बोलणं उमगलं. भरून देणाऱ्याला लोक आधीच अर्धा लबाड समजतात. त्यानं एकदा जरी खोटं सांगितलं तरी तो पुरा लबाड ठरतो, आणि त्याच्याबरोबर सगळे भरून देणारे. आत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला आमच्या शब्दावरच विसंबावं लागतं. तो शब्द मी काव्यवाचनासाठी मोडला होता.

मी आत गेले आणि आजीच्या देखत सगळं सांगितलं. ताई काही बोलली नाही. पानं गोळा करून पिशवीत घातली आणि गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी पहाटे बाबा दादरला उतरले ते घरी न येता परळच्या एका कारागिराकडून पावडर उसनी घेऊनच आले. आठ वाजता आम्ही दोघं गिरगावात ताईच्या चाळीत होतो. खरं तर दुपारच्या आधी त्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती, पण बाबांनी मला पुढे घातलं. त्यांनी प्रिंटर उघडून आतली सांडलेली पावडर पुसली, रोलर स्वच्छ केला. कार्ट्रिजमधला कणन्‌कण झटकला, कारण दोन जातींची पावडर मिसळली की आणखी घोटाळा होतो. येताना कागदाचं नवं रीम आणलं होतं. पहिलं पान निघालं तसं ते त्यांनी माझ्यासमोर धरलं. मी अंगठ्यानं घासलं. मग ताईसमोर धरलं. तिनंही घासलं. साडेनऊपर्यंत दोनशे चाळीस पानं पुन्हा छापून झाली.

ताईनं पैसे पुढे केले. बाबा म्हणाले, "चूक आमची हाय. कागदाचेपण नको."

इथे 'आणि सगळं पूर्ववत झालं' असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. पुढे कित्येक महिने ताईनं कार्ट्रिज आमच्याकडे दिलं नाही. तिच्या चाळीतली आणखी दोन गिऱ्हाइकंही तुटली. बाबा मला त्यावरून एकदाही बोलले नाहीत. फक्त ती नमुन्याची बाटली त्यांनी फेकली नाही. ती अजून फळीवर आहे, माझ्या डोळ्यांसमोर.

आता आमच्या प्रत्येक कार्ट्रिजवर एक चिठ्ठी असते. 'रिफिल' हा शब्द मोठ्या अक्षरांत, खाली तारीख, कुठली पावडर, कितव्यांदा भरलं, आणि भरणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. ही कल्पना माझी. चार-पाचदा भरून ड्रम झिजला की आम्ही तसंही सांगतो : नवा ड्रम टाका नाहीतर हे आता ई-कचऱ्यात द्या. त्यानं काही गिऱ्हाइकं बिचकतात. "रिफिल आहे हे एवढं मोठं कशाला लिहिता?" विचारतात. मला आता त्याचं उत्तर ठाऊक आहे. आणि नखांबद्दल कुणी विचारलं तर तेही.

गेल्या दिवाळीनंतर ताई आली. थीसिस मंजूर झाला होता. आजीसाठी तिनं तेवढं प्रकरण वेगळं बांधून आणलं होतं. ते कुठे छापलं, कुणाच्या टोनरनं, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आजीनं चष्मा लावला, पान मांडीवर घेतलं. वाचायच्या आधी तिनं पहिल्या ओळीवर अंगठा ठेवला आणि चांगला जोर लावून घासला. अंगठा उजेडात धरून बघितला.

"ह्या रवतला," म्हणाली, आणि मग पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

(द्वितीय वर्ष, कला)